फायबरच्या बोटीचा डेक दबतोय? आतला कुजलेला प्लाय असा बदला

फायबर कुजत नाही, त्यामुळे बोटीला एकदा पैसे घातले की काळजी मिटली, असा समज विदर्भात गोसीखुर्द धरणापासून इटियाडोह धरणापर्यंत बहुतेक बांधांवर ऐकू येतो. फायबर कुजत नाही हे खरं. पण डेक, बैठकी, तळाची पाटी आणि इंजिन बसवायची मागची भिंत नुसत्या फायबरची नसते. वर तीन-चार मिलिमीटरचा फायबरचा थर, खाली दुसरा थर आणि दोहोंच्या मध्ये लाकूड, असा तो सँडविच असतो. आपल्याकडच्या बोटींत हे लाकूड बहुतेक १२ मिलिमीटरचा प्लाय असतं. समुद्रावरच्या जुन्या शिडाच्या बोटींत बाल्सा हे हलकं लाकूड असतं. ताकद येते ती तिन्ही थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असले तरच. मधलं लाकूड कुजलं की वरचा थर एकटा पडतो आणि पाय दिला की दबतो.

पाणी आत जातं ते भोकांतून. दोर बांधायची कडी, छताचे पाइप, वल्ह्याचा खुंटा, नंतर कुणीतरी ठोकलेला जाळ्याचा हूक, या प्रत्येकासाठी डेकला भोक पडतं आणि बहुतेक वेळा स्क्रू कोरडाच पिळला जातो. प्लायमध्ये पाणी शिरलं की ते थरांमधून आडवं पसरत जातं. बाहेर पडायला वाट नसते, कारण दोन्ही बाजूंनी फायबर. म्हणून कडी एका कोपऱ्यात आणि डेक दबतो दोन हात लांब, असं सर्रास दिसतं. डेक दुरुस्त केला आणि भोक तसंच ठेवलं, तर नवा प्लायही त्याच वाटेनं जाणार. या कामात प्लाय बदलण्याइतकंच लक्ष भोकांना द्यायचं आहे.

आधी कुज कुठवर गेली ते बघा

दहा रुपयांचं नाणं किंवा स्क्रूड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ घ्या आणि डेकवर दर दोन इंचांवर टकटक करत जा. पहिल्यांदा नक्की चांगल्या जागेवर, म्हणजे जिथे स्क्रू नाही आणि पाणी साचत नाही तिथे वाजवा, म्हणजे कान तयार होतो. चांगला डेक टणक, खणखणीत वाजतो. सुटलेला किंवा कुजलेला भाग बद्द वाजतो. जिथे आवाज बदलतो तिथे खडूनं खूण करत जा. खुणा जोडल्या की नकाशा मिळतो. हे काम शांततेत करा, शेजारी पंप सुरू असेल तर आवाजातला फरक कळत नाही.

नाणं फक्त थर सुटलेत की नाही ते सांगतं. लाकूड ओलं आहे का, हे बघायला ४ मिलिमीटरच्या ड्रिलनं खुणेच्या आत आणि बाहेर काही भोकं पाडा. ड्रिलला १२-१३ मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे खालचा थर फुटणार नाही. आता बिटावर आलेला भुसा बोटांत चोळा. फिकट, कोरडा, भुरभुरीत असेल तर लाकूड शाबूत. काळपट, चिकट, आंबूस वासाचा असेल तर गेलेलं. मधला प्रकारही असतो: रंग चांगला, पण भुसा दमट. असा भाग कुजलेला नाही, पण ओला आहे, आणि तो वाळवल्याशिवाय बंद करता येत नाही. कधी कधी ड्रिलचीही गरज पडत नाही. डेकवर उभं राहून वजन टाकलं की कडीच्या स्क्रूभोवती तांबूस काळपट पाणी बुडबुडत वर येतं.

इथे एक सोपा उपाय नेहमी सुचवला जातो: भोकं पाडा आणि सिरिंजनं पातळ रेझिन (हार्डनर मिसळलं की गोठून कडक होणारा चिकट द्रव) आत सोडा. लाकूड पूर्ण कोरडं आणि शाबूत असेल, फक्त वरचा थर सुटला असेल, तर हे चालतं. कुजलेल्या ओल्या लाकडात चालत नाही. लाकडात जिथे पाणी बसलंय तिथे रेझिन शिरू शकत नाही. ते पोकळीत जाऊन गोठतं आणि आजूबाजूची ओल आतच कोंडून ठेवतं. काही दिवस डेक कडक लागतो, कुज मात्र पुढे सरकत राहते. शिवाय नंतर उघडताना ते गोठलेलं रेझिन छिन्नीला दाद देत नाही.

कोणत्या महिन्यात करावं

विदर्भात या कामाला उत्तम काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत, म्हणजे मोह टपकायला लागण्याच्या आसपासपर्यंत. हवा कोरडी असते आणि दुपारचं ऊन रेझिनला सोसवेल इतपतच असतं. फक्त याच दिवसांत अवकाळी आणि गारपीट येते, त्यामुळे उघडलेली बोट शेडखाली किंवा चांगल्या ताडपत्रीखाली हवी. डिसेंबर-जानेवारीत करायचं असेल तर सकाळी दहा ते दुपारी तीन एवढाच वेळ हातात असतो. पहाटेच्या थंडीत रेझिन गोठायला तयार नसतं आणि दवानं सगळं भिजतं. एप्रिल-मे लाकूड वाळवायला अप्रतिम आहे, रेझिनला वाईट. तापमान १० अंशांनी वाढलं की कालवलेलं रेझिन साधारण निम्म्या वेळात गोठतं, आणि ४४-४५ अंशांत तर ब्रश भांड्यातच अडकतो. मे महिन्यात बोट मोकळी असेल तर उघडून वाळवून घ्या; चिकटवायचं काम सावलीत आणि थोड्या थोड्या मालात करा. पावसाळ्यात मात्र हे काम हातात घेऊ नका.

सामान

४ फूट बाय २ फूट एवढा तुकडा बदलायचा आहे असं धरून प्रमाण देत आहोत.

प्लाय: १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय, पाव शीट. शीटवर आयएस ७१० हा शिक्का बघून घ्या. आयएस ३०३ हा फर्निचरचा प्लाय. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणाला तरी बोटीत घालू नका. जुना प्लाय किती जाडीचा आहे ते उघडल्यावर मोजूनच खरेदी करा.

इपॉक्सी रेझिन आणि त्याचं स्लो हार्डनर: मिळून साडेतीन किलो. फायबर कापड: ४०० ग्रॅमचं विणलेलं, एक मीटर पन्ह्याचं दीड मीटर. घट्ट करायला कोलॉइडल सिलिका आणि बारीक लाकूडभुसा. आरामशीनवरचा भुसा कपड्यातून चाळून दोन दिवस कडक उन्हात वाळवला तर चालतो. शिवाय अॅसिटोन एक लिटर, ४० आणि ८० नंबरच्या सँडिंग डिस्क, ग्राइंडर, पातळ कटिंग ब्लेड, छिन्नी, दातेरी पट्टी, ब्रश, रबरी हातमोजे, चष्मा, धूळ आणि वाफ अडवणारा मास्क, ग्रॅमवर मोजणारा वजनकाटा. फायबरचे कूलर, दरवाजे आणि मूर्ती करणाऱ्यांना लागणारं सामान विकणाऱ्या नागपुरातल्या दुकानांत यातलं बरंचसं मिळतं. इपॉक्सी मात्र आधी फोनवर विचारून जा.

साधं पॉलिएस्टर रेझिन स्वस्त आहे आणि बोटही मुळात त्याचीच बनलेली असते, मग इपॉक्सी कशाला? नवी बोट साच्यात घालताना प्रत्येक थर आधीच्या कच्च्या थरावर बसतो आणि दोन्ही रसायनानं एकजीव होतात. दुरुस्तीत तुम्ही पूर्ण पिकलेल्या जुन्या फायबरवर आणि लाकडावर चिकटवत असता. तिथे पॉलिएस्टरची पकड कमी पडते, आणि ते लाकडावरून पापुद्र्यासारखं सुटलेलं अनेक बोटींत दिसतं. इपॉक्सी दोन्हींना धरतं. बजेट अजिबातच नसेल तर सगळं पॉलिएस्टरमध्ये करा, पण अर्धं हे अर्धं ते करू नका. पिकलेल्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी बसतं, उलट बाजूनं खात्री नाही.

मॅटबद्दलही एक सूचना. सुट्या तंतूंची चॉप्ड मॅट ज्या चिकट पदार्थानं बांधलेली असते, तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननं विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट ताठ राहते आणि वळणावर बसत नाही. इपॉक्सीबरोबर विणलेलं कापडच वापरा.

सागवान का नको? आलापल्लीचं सागवान हाताशी असताना प्लाय कशाला, असा प्रश्न गडचिरोली-चंद्रपूरकडे हमखास येतो. उघड्या डोंग्याला सागवानासारखं लाकूड नाही. पण फायबरच्या दोन थरांमध्ये अख्खी फळी घातली की ती रुंदीत फुगते आणि आक्रसते, आणि दर हंगामात चिकटलेला जोड थोडा थोडा उचलते. त्यात सागाचं तेल रेझिनला नीट धरू देत नाही. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्यामुळे तो जागचा हलत नाही.

उघडणं

डेकच्या खालून आधी बांबूचे टेकू द्या, वर एक फळी आडवी ठेवून. वरचा थर आणि लाकूड निघालं की खालचा दीड-दोन मिलिमीटरचा थर झोळ खातो, आणि त्या झोळातच नवा प्लाय चिकटला तर डेकचा आकार कायमचा बिघडतो; त्यावर पुढे प्रत्येक पावसाचं पाणी साचेल.

कड्या, हूक सगळं काढा. खडूच्या खुणेपासून दोन इंच बाहेर सरळ रेषा आखा. कोपरे गोल ठेवा, काटकोनी कोपऱ्यातून पुढे तडा जातो. ग्राइंडरनं फक्त वरचा थर कापा. ब्लेड लाकडाला लागलं की धूळ पिवळसर होते आणि आवाज मऊ होतो, तिथेच थांबा. डेकच्या काठापासून आणि उभ्या भिंतीपासून निदान दोन इंच सोडून कापा, पुढे जोड उतरता घासायला ती जागा लागते.

कापलेला थर पातळ पटाशीनं उचला. कुजलेल्या जागी सहज निघेल, कडेला जिथे लाकूड चांगलं आहे तिथे चिवटपणे धरून राहील. न मोडता निघाला तर जपून ठेवा आणि वर बाण काढा. हाच परत बसवायचा आहे.

आता लाकूड. कुजलेलं हातानं निघतं, ओलं छिन्नीनं. कुठे थांबायचं, यात हात आखडता घेऊ नका. रंग चांगला दिसायला लागला त्याच्या पुढे आणखी दोन-तीन इंच काढा, कारण बुरशीचे तंतू दिसत्या कुजीच्या पुढे गेलेले असतात. त्यासाठी वरचा थर आणखी कापावा लागला तरी कापा. खालच्या थराला चिकटलेले प्लायचे पापुद्रे ४० नंबरच्या डिस्कनं घासून उघडं फायबर दिसू द्या. पूर्ण बाह्या, चष्मा, मास्क याशिवाय हे घासू नका. अंगावर बसलेली काचेची धूळ थंड पाण्यानं धुवा.

वाळवणं

घाई इथेच नडते. उघडी बोट शेडखाली ठेवा, पंखा लावा आणि कडेच्या राहिलेल्या लाकडाला वेळ द्या. कोरड्या हवेत आठ-दहा दिवस लागतात, जास्तही लागू शकतात. परीक्षा सोपी आहे: फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा उघड्या भागावर आणि लाकडाच्या कडेवर पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करा. एक दुपार आणि एक रात्र जाऊ द्या. सकाळी आतून दव दिसलं तर अजून ओल आहे. बुरशीला वाढायला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते. ती कोरड्या लाकडात थांबते, मरत नाही, आणि पाणी मिळालं की पुन्हा सुरू होते. म्हणून प्लॅस्टिक कोरडं निघेपर्यंत पुढे जाऊ नका.

प्लाय बसवणं

प्लाय खड्ड्यापेक्षा चारी बाजूंनी ३ मिलिमीटर लहान कापा. डेकला गोलाई असेल तर अख्खा तुकडा दाबून बसवू नका, तो सतत उसळायला बघतो. चार-पाच इंचांचे चौकोन करून ओळीनं बसवा. एका तुकड्यात बसत असेल तर त्यात दर सहा इंचांवर ६ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे खाली अडकलेली हवा आणि जास्तीचं रेझिन वर येईल.

पहिला हात पातळ इपॉक्सीचा, प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना. कडांना दोन-तीनदा, कारण तिथे तंतूंची उघडी टोकं असतात आणि ती रेझिन पीत राहतात. हे काम संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास करा. दिवस उतरताना लाकूड थंड होतं, आतली हवा आक्रसते आणि रेझिन आत ओढलं जातं. सकाळी केलं तर उन्हाबरोबर हवा फुगून बाहेर येते आणि सगळ्या पृष्ठभागावर बुडबुडे उठतात.

इपॉक्सीचं आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं; तेच वजनकाट्यावर मोजून घ्या. थंडी आहे म्हणून हार्डनर जास्त, ऊन आहे म्हणून कमी, असं इपॉक्सीत चालत नाही. प्रमाण चुकलं की ते कायम चिवट, मऊ राहतं आणि खरवडून काढण्याशिवाय उपाय नसतो. एका वेळी ३०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका, आणि उथळ थाळीत ओता. खोल डब्यात स्वतःच्याच उष्णतेनं ते धुरायला लागतं. तसं झालं तर डबा उघड्यावर रेतीत ठेवा, शेडमध्ये नको.

दुसऱ्या दिवशी पिकलेल्या थरावर मेणचट साय दिसली तर ती पाण्यानं आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीनं धुवा, पुसून कोरडी करा आणि मग ८० नंबरनं घासा. उलट क्रमानं केलं तर साय घासताना पसरते आणि पुढचा थर धरत नाही.

आता चिकटवायचा माल: इपॉक्सीत आधी सिलिका, मग भुसा, घट्ट पिठल्याइतकं होईपर्यंत. उभ्या पट्टीवरून ओघळायला नको. खालच्या थराला आधी साधं पातळ इपॉक्सी लावून ओलं करा, त्यावर हा माल दातेरी पट्टीनं दीड-दोन मिलिमीटर पसरवा. प्लाय ठेवा, हातानं थोडा मागेपुढे सरकवत दाबा. भोकांतून आणि कडांतून माल वर आला पाहिजे. जिथे आला नाही तिथे खाली हवा आहे, उचलून पुन्हा माल घाला. कडेची फट याच मालानं भरा. वर प्लॅस्टिक, त्यावर फळी, त्यावर रेतीची पोती सारख्या अंतरानं. एकाच जागी ढीग केला तर टेकू असूनही झोळ येतो. २४ तास हलवू नका.

वरचा थर आणि जोड

जपून ठेवलेला थर आतून ४० नंबरनं घासा, अॅसिटोननं पुसा, प्लायवर तसाच माल पसरून बाणाप्रमाणे बसवा, पुन्हा वजन. हा पिकला की जोडाच्या दोन्ही बाजू उतरत्या घासायच्या. प्रमाण एकास बारा: थर ३ मिलिमीटरचा असेल तर प्रत्येक बाजूला ३६ मिलिमीटर उतार, म्हणजे जोडावर साडेसात सेंटीमीटर रुंद उथळ पन्हळ. एवढं चांगलं फायबर घासून टाकायला जीव होत नाही, पण आखूड उतारावरचा जोड एका हंगामात रेष दाखवतो. सगळी ताकद चिकटलेल्या क्षेत्रफळावर आहे.

या पन्हळीत कापडाच्या सहा पट्ट्या बसतात: ७५, ६५, ५५, ४५, ३५ आणि २५ मिलिमीटर. आधी सगळ्यात रुंद, मग कमी कमी. रुंद पट्टी पूर्ण उताराला धरते, उरलेल्या तिच्यावर भर घालतात. प्रत्येक पट्टी पारदर्शक होईपर्यंत रेझिननं भिजवा. पांढरे ठिपके म्हणजे हवा, ब्रशच्या टोकानं ठोकून काढा. वजनात जेवढं कापड तेवढंच रेझिन पुरे. जास्त रेझिननं ताकद वाढत नाही, ठिसूळपणा वाढतो.

जुना थर मोडला असेल तर पूर्ण नवा घालावा लागतो: ३ मिलिमीटरसाठी ४०० ग्रॅमच्या कापडाचे सहा थर, म्हणजे या तुकड्याला साधारण दोन किलो कापड आणि तेवढंच रेझिन वेगळं.

पॉलिएस्टरनं करणाऱ्यांनी हे नीट वाचावं. कोबाल्ट (रेझिन गोठण्याचा वेग वाढवणारं द्रव) आणि एमईकेपी हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोटासारखी प्रतिक्रिया होते. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, नंतर वेगळ्या मापानं हार्डनर. रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं आहे का, हे दुकानात विचारून डब्यावर लिहून ठेवा. हार्डनर रेझिनच्या १ ते २ टक्के. ३५ अंशांत १ टक्का, म्हणजे ५०० ग्रॅमला सुमारे ५ मिलिलिटर. ते डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते: लगेच पंधरा मिनिटं पाण्यानं धुवा आणि तडक दवाखाना गाठा. ४५० ग्रॅमच्या चॉप्ड मॅटचा एक थर साधारण १ मिलिमीटर होतो आणि मॅटच्या अडीच पट रेझिन पितो. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त थर घालू नका, तापून वाकतात.

शेवटचा हात रंगाचा. इपॉक्सी उन्हात पिवळं पडून त्याची पूड होते, त्यामुळे उघडं सोडायचं नाही. पॉलिएस्टरचा जेलकोट (बोटीचा बाहेरचा रंगीत थर) इपॉक्सीवर नीट पिकेलच असं नाही. दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग दोन हात मारा. पाय ठेवायच्या जागी ओल्या रंगावर बारीक चाळलेली कोरडी रेती भुरभुरवा आणि वर आणखी एक हात द्या. जाळं ओढताना ओल्या पायाखाली हीच रेती उपयोगी पडते.

कड्या परत बसवताना

८ मिलिमीटरचा बोल्ट असेल तर सरळ ८ चं भोक पाडून मोकळे होऊ नका. वरचा थर आणि प्लाय २० मिलिमीटरच्या बिटानं काढा, खालचा थर शाबूत ठेवा. जुन्या भोकांत कडेचा प्लाय कोरायचा असेल तर खिळ्याचं टोक काटकोनात वाकवून ड्रिलमध्ये लावा आणि सावकाश फिरवा. पोकळी आधी पातळ इपॉक्सीनं ओली करा, मग घट्ट मालानं काठोकाठ भरा. दुसऱ्या दिवशी त्याच्या मधोमध ८ चं भोक पाडा. आता बोल्टच्या भोवती सहा मिलिमीटर घट्ट इपॉक्सी आहे. उद्या सीलंट सुटलं तरी पाण्याला लाकूड सापडत नाही.

भोकाचं तोंड वरून किंचित रुंद करा, म्हणजे सीलंटचं कडं तिथे बसेल. सीलंट पॉलियुरेथेनचं घ्या. आंबूस वासाचं खिडक्यांचं सिलिकॉन डेकवर टिकत नाही, आणि एकदा लागलं की त्या जागी दुसरं काही चिकटत नाही. बोल्ट आधी हलका आवळा, दुसऱ्या दिवशी पूर्ण, आणि आवळताना बोल्ट न फिरवता खालून नट फिरवा. खाली रुंद वॉशर किंवा ॲल्युमिनियमची पट्टी हवीच. जी भोकं लागत नाहीत तीही याच पद्धतीनं भरून टाका.

मागच्या भिंतीचा प्लाय, जिथे इंजिन टांगतात, त्याची कृती हीच आहे, फक्त जाडी तिप्पट असते आणि इंजिनाचा धक्का सतत बसतो. तिथे १८ मिलिमीटरचे दोन प्लाय एकमेकांना चिकटवून घाला आणि इंजिनाच्या बोल्टची चारही भोकं न चुकता वरच्यासारखी करा.

रंगानंतर सात दिवस बोट पाण्यात सोडू नका. मग डेकवर बादलीभर पाणी ओता, बोट थोडी कलती करा आणि खालून प्रत्येक नटाभोवती कोरडा कागद धरून बघा. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना बोट काठावर पालथी घालून दोन ओंडक्यांवर ठेवा. उताणी ठेवली तर पळसा-मोहाचा पाला तळाला साचून महिनोन्महिने ओला राहतो. दिवाळीनंतर बोट सोडण्याआधी नाणं घेऊन फक्त कड्यांभोवती वाजवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.